टपालघर तुमच्या घरी : ‘युडोरा’ची कहाणी

तुमच्या घरी ई-मेल नक्कीच येत असेल. कधी बँकेचे पत्र, कधी परीक्षेचे प्रवेशपत्र, कधी एखाद्या स्पर्धेची पोच. हे पत्र फोनच्या पडद्यावर दिसते. पण ते असते कोठे? पडद्यावर दिसते त्या अर्थी ते फोनमध्येच असणार, असे उत्तर चटकन सुचते. मग एक साधी परीक्षा करून पाहा. फोनचे इंटरनेट बंद करा आणि तीन-चार वर्षांपूर्वीचे एखादे पत्र उघडण्याचा प्रयत्न करा. बहुधा ते उघडणार नाही. कारण ते पत्र तुमच्याजवळ नसतेच. कोठल्या तरी दूरच्या गावी, एखाद्या कंपनीच्या संगणकात ते ठेवलेले असते आणि तुम्ही मागाल तेव्हा त्याची प्रत तुम्हाला दाखवली जाते.

मात्र एक काळ असा होता, की ‘पत्र कोठे आहे?’ या प्रश्नाचे अगदी नेमके उत्तर देता येई. माझ्या टेबलावरच्या संगणकात, अमक्या फायलीत, अमक्या ओळीपासून पुढे! असे उत्तर देणे ज्या प्रोग्रॅममुळे सामान्य माणसाला शक्य झाले, त्याचे नाव ‘युडोरा’. हा प्रोग्रॅम १९८८ साली जन्मला, कोट्यवधी लोकांनी तो वापरला आणि २००७ साली त्याची विक्री थांबली. त्याच्या कहाणीत टपालाचे नियम, बिट्सचे गणित आणि आपल्या देवनागरी लिपीची झालेली गैरसोय अशा बऱ्याच गोष्टी एकत्र आल्या आहेत. म्हणून तिची ओळख करून घेऊ.

टपाल आणायला जायचे कोणी?

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात अर्बाना-शँपेन या जोडगावात एक मोठे विद्यापीठ आहे. भौतिकीच्या विद्यार्थ्याला ते जॉन बार्डीन यांच्यामुळे ठाऊक असते. भौतिकीचे नोबेल पारितोषिक दोनदा मिळवणारे ते एकमेव शास्त्रज्ञ. याच विद्यापीठाच्या संगणक सेवा विभागात १९८८ च्या सुमारास स्टीव्ह डॉर्नर नावाचे प्रोग्रॅमर काम करीत होते.

त्या काळी ई-मेल नवी राहिलेली नव्हती. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये दोन संगणकांमधून पत्र पाठवले आणि पत्त्यात ‘ॲट’चे चिन्ह घातले, त्याला सतरा वर्षे होऊन गेली होती. पण ई-पत्र वाचायचे म्हणजे विद्यापीठाच्या मध्यवर्ती मोठ्या संगणकाशी जोडणी करायची, तेथे आपले नाव व परवलीचा शब्द द्यायचा आणि त्याच संगणकावर बसल्यासारखे एकेक पत्र वाचायचे. तुमच्या टेबलावर ॲपलचा सुंदर मॅकिंटॉश संगणक असला, त्याला माउस असला, चित्रे काढता येत असली, तरी पत्रे वाचताना त्याचे काम एवढेच, की मोठ्या संगणकाने पाठवलेली अक्षरे पडद्यावर दाखवायची. हुशार नोकराला नुसते दाराशी उभे करून ठेवावे, तसा हा प्रकार होता!

यात काय बिघडले? थोडा हिशेब करू. घरून टेलिफोनच्या तारेवरून जोडणी केली आहे आणि मोडेमचा वेग सेकंदाला २,४०० बिट आहे असे समजा. एका अक्षराचे ८ बिट, शिवाय अक्षर कोठे सुरू झाले व कोठे संपले हे सांगणारे २ बिट, असे १० बिट लागतात. म्हणजे सेकंदाला २४० अक्षरे. दिवसाची दहा पत्रे, प्रत्येकी १,२०० अक्षरांची, म्हणजे एकूण १२,००० अक्षरे. ती तारेवरून यायला लागतात ५० सेकंद. पण माणसाचा वाचण्याचा वेग सेकंदाला २० अक्षरे धरला, तर तीच पत्रे वाचायला १० मिनिटे हवीत. त्यांतील पाच पत्रांना चारचारशे अक्षरांचे उत्तर लिहायचे आणि टंकनाचा वेग सेकंदाला ४ अक्षरे असला, तर आणखी ८ मिनिटांहून अधिक. म्हणजे जे काम तारेला एका मिनिटाचे, त्यासाठी तार अठरा मिनिटे अडून राहणार. वेळ लागतो आहे तो माणसाच्या डोळ्यांना आणि बोटांना. बिल मात्र टेलिफोनचे वाढते आहे.

उपाय उघड आहे. सगळी पत्रे एकदम आपल्या संगणकात ओढून घ्यावीत, तार सोडून द्यावी, निवांत वाचावीत, उत्तरे लिहून ठेवावीत आणि पुन्हा मिनिटभर जोडणी करून ती रवाना करावीत. डॉर्नर यांनी मॅकिंटॉशसाठी नेमका असा प्रोग्रॅम लिहिला. पहिली आवृत्ती सिद्ध व्हायला वर्षाहून थोडा अधिक काळ लागला. ‘सी’ या भाषेतील सुमारे ५०,००० ओळींचा तो प्रोग्रॅम होता.

त्याचे नाव कसे पडले तेही सांगण्याजोगे आहे. युडोरा वेल्टी या मिसिसिपी राज्यातील प्रसिद्ध कथालेखिका. त्यांची ‘मी पोस्टात का राहते’ अशा अर्थाच्या शीर्षकाची एक गाजलेली विनोदी कथा आहे. तिची नायिका खेड्यातल्या पोस्टाची पोस्टमास्तरीण. घरच्यांशी भांडून ती आपले सामानसुमान घेऊन पोस्टातच राहायला जाते. रात्रंदिवस ई-पत्रांत गढलेल्या डॉर्नर यांना आपणही पोस्टातच राहतो आहोत असे वाटले आणि ही कथा आठवली. त्यांनी कल्पना उलटी केली. माणसाने पोस्टात राहायला जाण्याऐवजी पोस्टच माणसाच्या घरी आणायचे. हेच पुढे प्रोग्रॅमचे बोधवाक्य झाले. हयात लेखिकेचे नाव परस्पर वापरल्याबद्दल डॉर्नर यांना नंतर संकोच वाटे. पण वेल्टीबाईंना या गोष्टीची गंमतच वाटली होती, असे सांगतात. ‘युडोरा’ हा शब्द मुळात ग्रीक असून त्याचा अर्थ ‘चांगली देणगी’ असा आहे.

‘पॉप’चा शहाणपणा

आता कोणी विचारील, पत्र सरळ आपल्या घरच्या संगणकाकडेच का पाठवू नये? मध्ये टपालघर कशाला? कारण घरचा संगणक रात्री बंद असतो. पत्र घेऊन आलेल्याला दार बंद दिसले तर त्याने किती वेळ ताटकळायचे? म्हणून चोवीस तास चालू असणारा एक संगणक टपालघर म्हणून लागतोच. टपालघरांनी एकमेकांना पत्रे कशी द्यावीत याचे नियम १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहून प्रसिद्ध केले होते. टपालघरातून घरी पत्र कसे आणावे याचे नियम १९८४ पासून तयार होऊ लागले. त्यांना पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल, थोडक्यात ‘पॉप’ म्हणतात. त्यांची तिसरी आवृत्ती नोव्हेंबर १९८८ मध्ये निघाली आणि तीच टिकली. मोठ्या गावात दुकानदार पोस्टात स्वतःची पेटी भाड्याने घेतो आणि रोज सकाळी नोकराला किल्ली देऊन पाठवतो, तशीच ही व्यवस्था आहे.

हा नोकर आणि टपालघर यांच्यातील संवाद इतका सुटसुटीत आहे, की तो येथे देण्याचा मोह आवरत नाही. खरे शब्द रोमन अक्षरांत असतात, पण त्यांचे उच्चार असे :

संगणक : यूझर अमुक
टपालघर : +ओके
संगणक : पास तमुक
टपालघर : +ओके
संगणक : स्टॅट
टपालघर : +ओके ३ ४१५०
संगणक : रेटर १
टपालघर : +ओके (आणि पाठोपाठ पहिले पत्र)
संगणक : डेले १
टपालघर : +ओके
संगणक : क्विट

‘स्टॅट’ म्हणजे पेटीत काय आहे? उत्तर : तीन पत्रे, एकूण ४,१५० बाइट. ‘रेटर १’ म्हणजे पहिले पत्र दे. ‘डेले १’ म्हणजे पहिले पत्र पुसून टाक.

येथे जरा थांबा आणि विचार करा. ‘डेले १’ म्हटल्याबरोबर टपालघराने पत्र खरोखरच पुसले आणि त्याच क्षणी टेलिफोनची तार तुटली, तर काय होईल? पत्र तुमच्या डिस्कवर नीट लिहिले गेले असेलच अशी खात्री नाही, आणि टपालघरातून तर ते गेले. पत्र कायमचे हरवले! नियम करणाऱ्यांनी ही शक्यता ओळखली होती. म्हणून ‘डेले’ ऐकल्यावर टपालघर पत्रावर फक्त खूण करते. खरे पुसणे होते ते ‘क्विट’ हा निरोपाचा शब्द ऐकल्यानंतर. निरोप न घेता तार तुटली, तर सगळ्या खुणा रद्द होतात आणि पत्रे होती तशीच राहतात. पुढच्या खेपेला एखादे पत्र तुमच्याकडे दोनदा येऊ शकेल, पण पत्र हरवू नये एवढी काळजी घेतलेली आहे. दोन प्रतींचा त्रास आणि एकही प्रत नसणे या दोहोंतून त्यांनी पहिल्याची निवड केली. आपल्याकडे डायल-अप जोडण्या दर दहा मिनिटांनी तुटत असत, त्या दिवसांत या नियमाची किंमत चांगली कळे.

या संवादातील एक उणीव तुमच्यापैकी चौकस वाचकांच्या ध्यानात आलीच असेल. परवलीचा शब्द तारेवरून उघडाच चालला आहे! मध्येच कान देऊन बसलेल्याला तो सहज ऐकू येईल. पुढे हा सगळा संवाद गुप्त लिपीत गुंडाळून पाठवण्याची सोय करावी लागली.

पत्रांची वही

घरी आणलेली पत्रे युडोरा कशी ठेवी? एका लांबलचक वहीत एकाखाली एक उतरवून काढावीत तशी. ‘इन’ या पेटीतील सर्व पत्रे एकाच फायलीत असत आणि ती फाइल साध्या अक्षरांची असे. कोणत्याही साध्या लेखन-प्रोग्रॅमने ती उघडता येई. मग एक पत्र संपून दुसरे सुरू झाले हे कसे ओळखायचे? त्यासाठी युनिक्स संगणकांवरील जुनी रीत वापरली होती. प्रत्येक पत्रापूर्वी ‘फ्रॉम’ हा शब्द व त्यापुढे एक मोकळी जागा, अशी सुरुवात असलेली ओळ लिहायची. युडोराची ओळ तर पाहताक्षणी ओळखू येई. ‘फ्रॉम’, मग तीन प्रश्नचिन्हे, ‘ॲट’चे चिन्ह, पुन्हा तीन प्रश्नचिन्हे आणि शेवटी वार, तारीख, वेळ.

पण समजा, एखाद्याने पत्रातच ‘फ्रॉम’ने ओळ सुरू केली तर? ‘फ्रॉम पुणे टु मुंबई’ असे काही? प्रोग्रॅमला वाटेल, येथून नवे पत्र सुरू झाले. म्हणून या पद्धतीच्या प्रोग्रॅममध्ये अशा ओळीआधी ‘पेक्षा मोठे’ हे गणितातले चिन्ह ठोकून देण्याची प्रथा आहे. जुन्या ई-पत्रांत मध्येच कोठे तरी ‘फ्रॉम’च्या डाव्या बाजूला हे चिन्ह कारण नसताना बसलेले दिसते, त्याचे मूळ येथे आहे.

या वहीची अनुक्रमणिका निराळ्या फायलीत असे. कोणते पत्र कितव्या बाइटपाशी सुरू होते, ते वाचून झाले की नाही, उत्तर दिले की नाही, हे तिच्यात नोंदलेले असे. अनुक्रमणिका बिघडली, तर युडोरा वही पहिल्यापासून चाळून नवी तयार करी. ‘वाचले’ आणि ‘उत्तर दिले’ या खुणा तेवढ्या पुसल्या जात. पत्रे मात्र शाबूत राहत. महत्त्वाची वस्तू साध्या रूपात ठेवायची आणि सोयीची वस्तू पुन्हा बनवता येईल अशी ठेवायची, हा विचार मला फार आवडतो. प्रयोगवहीत कच्ची निरीक्षणे आणि त्यांवरून काढलेला आलेख यांचे नाते असेच असते.

पत्राला जोडून चित्र आले, तर ते युडोरा वहीतून काढून वेगळ्या कप्प्यात ठेवी आणि पत्रात फक्त ‘अमक्या ठिकाणी ठेवले आहे’ अशी ओळ लिही. त्यामुळे वही सडपातळ राही. पण तो कप्पा दुसरीकडे हलवला, की ओळ खोटी पडे! नव्या संगणकावर सामान हलवताना पुष्कळांची चित्रे अशी पोरकी झाली.

चित्र पत्राला जोडतात कसे, हे पाहणेही मनोरंजक आहे. १९८२ चे टपालाचे नियम फक्त ७ बिटांच्या अक्षरांसाठी होते. सात बिटांत २ चा ७ वा घात, म्हणजे १२८ चिन्हे बसतात. इंग्रजी अक्षरे, अंक, विरामचिन्हे झाली, की संपले. चित्राच्या बाइटमध्ये मात्र आठही बिट भरलेले असतात. यावर १९९२ मध्ये नथॅनियल बोरेनस्टाइन व नेड फ्रीड यांनी ‘माइम’ नावाचे नियम सुचवले. त्यांतील एक युक्ती अशी : चित्राचे तीन बाइट घ्या, म्हणजे २४ बिट झाले. त्यांचे सहासहाचे चार गट पाडा. सहा बिटांत ६४ शक्यता असतात. त्या प्रत्येकीला एक निरुपद्रवी चिन्ह द्या : २६ मोठी रोमन अक्षरे, २६ छोटी, १० अंक आणि आणखी २ चिन्हे, बरोबर ६४. तीन बाइटांची चार अक्षरे झाली. ६०,००० बाइटांचे छायाचित्र असे ८०,००० अक्षरांचे होते. सेकंदाला २८,८०० बिट वेगाच्या मोडेमवर, म्हणजे सेकंदाला २,८८० अक्षरे या दराने, ते पाठवायला सुमारे २८ सेकंद लागतात. तुम्ही आज पाठवता त्या छायाचित्राचाही आकार ई-पत्रात याच युक्तीने सुमारे एक-तृतीयांशाने फुगतो.

मालक बदलला

१९९० नंतर युडोराचे हक्क कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथील क्वालकॉम कंपनीकडे गेले. ही कंपनी मुळात बिनतारी संदेशवहनाची; मोबाइल फोनच्या आतील चिपसाठी ती पुढे जगप्रसिद्ध झाली. डॉर्नर क्वालकॉमच्या नोकरीत गेले. राहिले मात्र इलिनॉयमध्येच, आणि घरून काम करू लागले. पोस्ट घरी आणणाऱ्या माणसाने कचेरीही घरी आणली, म्हणायला हरकत नाही. विंडोज संगणकांसाठीही युडोरा तयार झाला. एक फुकट ‘लाइट’ आवृत्ती आणि एक विकत घ्यायची ‘प्रो’ आवृत्ती अशी वाटणी झाली. आलेली पत्रे नियमांनुसार आपोआप वेगवेगळ्या पेट्यांत टाकणे, वर्षानुवर्षांच्या पत्रांतून हवा तो शब्द शोधणे, अशा सोयींमुळे प्राध्यापक, पत्रकार, संशोधक यांना तो जणू हातचा माणूस वाटू लागला.

२००० साली त्यात एक चमत्कारिक सोय आली. तुम्ही लिहिलेल्या पत्रातील भाषा तिखट असेल, तर प्रोग्रॅम शेजारी मिरच्यांचे चित्र दाखवी. फारच जहाल असेल तर तीन मिरच्या! यंत्राला भाषेतला राग कितपत कळणार? शब्दांची यादी पाहून तो अंदाज करी, तेव्हा चुकाही होत. पण रागाने लिहिलेले पत्र पाठवण्यापूर्वी क्षणभर थांबवणारी ही मिरची मला तरी नव्या पुष्कळ सोयींपेक्षा अधिक शहाणी वाटते.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य जनतेसाठी इंटरनेट खुले केले. ते टेलिफोनच्या तारेवरूनच. त्यामुळे इलिनॉयमधला तो तारेचा हिशेब आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडला. जोडणी करायची, पत्रे ओढायची, चटकन तोडायची. माझ्या महाविद्यालयीन दिवसांत ज्या थोड्या खोल्यांत मोडेमचा तो चिरका आवाज ऐकू येई, त्यांपैकी एकीतल्या संगणकावर युडोरा होता. त्याच्या पडद्यापेक्षा भिंतीवरच्या घड्याळाकडे सर्वांचे लक्ष अधिक असे.

देवनागरीचे काय झाले?

आता या कहाणीतील आपल्या जिव्हाळ्याचा भाग. युडोरातून मराठी पत्र लिहिता येई का? सरळ उत्तर, नीटसे येत नसे. बहुतेक जण रोमन लिपीत मराठी लिहीत. काही जण ‘शिवाजी’, ‘सुशा’ अशा नावांचे फाँट वापरत. पण त्यांत इंग्रजी अक्षरालाच देवनागरी मुखवटा चढवलेला असे. समोरच्याकडे तोच फाँट नसेल, तर पत्राची रोमन खिचडी होई.

यावरचा खरा उपाय म्हणजे युनिकोड. जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला एक स्वतंत्र क्रमांक. १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. ‘म’चा क्रमांक २३५०. तो एका बाइटमध्ये मावत नाही, कारण बाइटमध्ये फार तर २५५ बसतात. म्हणून ‘यूटीएफ-८’ या रीतीने त्याचे तीन बाइट करतात. कसे ते करून पाहू. २३५० ची द्विमान मांडणी १६ बिटांत लिहिली, तर ती ००००१००१००१०१११० अशी होते. तिचे ४, ६ आणि ६ असे तुकडे करा : ००००, १००१००, १०१११०. पहिल्या तुकड्याआधी १११० लावा, उरलेल्या दोहोंआधी १० लावा. तीन बाइट मिळतात : १११०००००, १०१००१००, १०१०१११०. दशमान पद्धतीत २२४, १६४ आणि १७४. कागद-पेन्सिल घेऊन ‘क’साठी हेच करून पाहा, त्याचा क्रमांक २३२५ आहे.

युडोराची बांधणी मात्र एक बाइट म्हणजे एक अक्षर, अशा काळातली होती. त्याच्यापुढे हे तीन बाइट आले, की तो ती तीन वेगळी अक्षरे समजे. पश्चिम युरोपीय तक्त्यात २२४ म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा रोमन ‘ए’, १६४ म्हणजे चलनाचे एक गोल चिन्ह, १७४ म्हणजे वर्तुळातला ‘आर’. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत. त्यांचे पंधरा बाइट, म्हणजे पडद्यावर पंधरा निरर्थक आकृत्या, नाही तर नुसती प्रश्नचिन्हे. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ च असल्यामुळे त्या कचऱ्यात तो रेघवाला ‘ए’ दर तिसऱ्या जागी डोकावत राही.

ही उणीव शेवटपर्यंत पुरती दूर झाली नाही. ‘एक बाइट, एक अक्षर’ ही समजूत एखाद्या प्रोग्रॅममध्ये एका ठिकाणी नसते. शोधणे, ओळ मोडणे, पुसणे, छापणे, अशा हजारो जागी ती मुरलेली असते. पाया बदलायचा, तर घरच पाडावे लागते. शिवाय युडोराची घरे दोन होती. मॅकिंटॉशचा युडोरा ‘सी’मध्ये आणि विंडोजचा ‘सी प्लस प्लस’मध्ये, असे दोन अगदी वेगळे प्रोग्रॅम, म्हणजे प्रत्येक दुरुस्ती दोनदा करायची.

शेवट कसा झाला

दरम्यान भोवतालचे जग बदलत होते. ४ जुलै १९९६ रोजी सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केले. कोणताही प्रोग्रॅम न बसवता कोणत्याही संगणकावरून पत्र वाचता येऊ लागले. वेल्टीबाईंच्या कथेतील नायिका पोस्टात राहायला जाते तो दिवसही ४ जुलैच. योगायोग म्हणून सोडून द्या, पण लोक पुन्हा पोस्टात जाऊन पत्रे वाचू लागले हे खरे! विंडोजबरोबर आउटलुक एक्स्प्रेस फुकट मिळू लागला, तेव्हा दुसरा प्रोग्रॅम विकत कोण घेणार? २००४ मध्ये जीमेल आले आणि एक गिगाबाइट जागा देऊ लागले. हॉटमेल सुरुवातीला फक्त दोन मेगाबाइट देत असे. एवढी जागा दुसरीकडे फुकट मिळत असेल, तर पत्रे घरी आणून ठेवण्याची गरज पुष्कळांना वाटेनाशी झाली. आणि क्वालकॉमचे खरे उत्पन्न होते चिपमधून.

ऑक्टोबर २००६ मध्ये विंडोज व मॅकिंटॉशसाठी युडोराच्या शेवटच्या मूळ आवृत्त्या निघाल्या. १ मे २००७ रोजी विक्री बंद झाली. ‘पेनेलोपी’ नावाच्या प्रकल्पात मोझिलाच्या थंडरबर्ड या मुक्त प्रोग्रॅमला युडोराचे रूप देण्याचा प्रयत्न झाला आणि २०१० मध्ये त्याची आवृत्ती आलीही. पण जुन्या वापरकर्त्यांचे तिच्याशी जमले नाही. कित्येक जण मूळ युडोराच त्यानंतरही वर्षानुवर्षे चालवत राहिले.

कॅलिफोर्नियात संगणकांच्या इतिहासाचे एक संग्रहालय आहे, कॉम्प्यूटर हिस्टरी म्युझियम. त्यांनी पाच वर्षे क्वालकॉमशी बोलणी केली आणि २२ मे २०१८ रोजी युडोराचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला केला. नुसता पाहायला नव्हे. तो घेऊन बदलण्याची व वापरण्याचीही मुभा आहे. फक्त विंडोज आवृत्तीच्याच ८,६५१ फायली आहेत. तिसऱ्याच कंपन्यांचे हक्क असलेले काही भाग वगळावे लागले, त्यामुळे तो मजकूर जसाच्या तसा जोडून चालवता येत नाही. पण प्रोग्रॅम लिहायला शिकणाऱ्याला तो वाचता येतो, आणि असे जुने, खरे, लाखो तास वापरात घासलेले लिखाण वाचायला मिळणे ही दुर्मीळ गोष्ट आहे.

आणि त्या वह्या? ज्यांनी त्या फायली जपून ठेवल्या, त्यांना १९९० च्या दशकातील पत्रे आजही वाचता येतात. त्यासाठी युडोरा लागत नाही; साधा लेखन-प्रोग्रॅम पुरतो. याउलट १९९८ साली एखाद्या संकेतस्थळावर खाते उघडून तेथेच पत्रे ठेवणाऱ्यांपैकी पुष्कळांची पत्रे, खाते काही महिने न वापरल्याने किंवा ती सेवाच गुंडाळली गेल्याने, नाहीशी झाली.

शिक्षकांना वर्गात करून दाखवता येईल असा एक प्रयोग सुचवतो. गूगलच्या ‘टेकआउट’ या सोयीतून जीमेलमधील आपली पत्रे संगणकावर उतरवून घेता येतात. सगळी नकोत, एखादे लेबल लावलेली दहा-वीस पुरेत. हाती येणारी फाइल ‘एमबॉक्स’ पद्धतीची असते, म्हणजे युडोराने वापरली तीच युनिक्सची जुनी रीत. ती नोटपॅडमध्ये उघडा. पहिलीच ओळ ‘फ्रॉम’ आणि मोकळी जागा यांनी सुरू झालेली दिसेल. खाली उतरत जा. चित्र जोडलेल्या पत्रात ६४ चिन्हांचे ते लांबच लांब ठोकळे सापडतील. मराठी पत्रात बहुधा ठिकठिकाणी ‘ई’, ‘शून्य’, ‘ए’, ‘चार’ ही रोमन चिन्हे बरोबरच्या चिन्हांसह पुन्हा पुन्हा येतील, किंवा त्याचाही ६४ चिन्हांचा ठोकळा झालेला असेल. २२४ आणि १६४ हे आकडे सोळाच्या पायावर लिहून पाहा, म्हणजे ती चिन्हे तेथे का आली ते कळेल.